एका शिक्षकाचे संग्रहालय

संग्रहालय या संस्थेशी आपला परिचय बहुधा राजवाड्याच्या दारातून झाला. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या काळात उभे राहिलेले संग्रहालय, ग्वाल्हेरच्या जयविलास महालातील दालने, आणि तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान यांच्या संग्रहातून 1951 साली हैदराबादेत जनतेसाठी खुले झालेले संग्रहालय ही आपल्या वाचकांच्या रोजच्या वाटेवरची उदाहरणे आहेत. या सर्व ठिकाणी क्रम एकच आढळतो. आधी वस्तू जमतात, मग त्यांच्यासाठी इमारत होते आणि शेवटी प्रेक्षक येतो. प्रेक्षकाने पाहावे, थक्क व्हावे आणि आपल्या घरी जावे, इतकीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

अमेरिकेतील शिकागो शहरातल्या ‘नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट’ या संग्रहालयाची कथा नेमकी उलट्या क्रमाने घडली. येथे आधी विद्यार्थी होते, मग शिक्षक पुढे आले, आणि वस्तू व इमारत यांचा क्रम पुष्कळ नंतर लागला. संस्थापक कार्लोस तोर्तोलेरो हे धनिक नव्हते, संग्राहक नव्हते आणि चित्रकारही नव्हते. ते शिकागोच्या सार्वजनिक शाळांत काम करणारे शिक्षक होते. 1982 साली हेलन वाल्देझ आणि अन्य काही शिक्षक सहकाऱ्यांसह त्यांनी ‘मेक्सिकन फाइन आर्ट्स सेंटर’ या संस्थेची स्थापना केली, तेव्हा त्यांच्या गाठीशी 900 डॉलर होते. संग्रहालय म्हणावे असे त्या वेळी त्यांच्याजवळ काहीच नव्हते.

संग्रहालयाचे समीक्षण साहित्यविषयक पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु संग्रहालय हेही एक प्रकारचे लेखनच असते. काय घ्यावे, काय वगळावे, कशाशेजारी काय ठेवावे, कोणत्या भाषेत सांगावे आणि मुख्य म्हणजे कोणाला उद्देशून सांगावे, हे निर्णय जसे लेखकाला घ्यावे लागतात तसेच ते संग्रहालय रचणाऱ्यालाही घ्यावे लागतात. तोर्तोलेरो यांच्या कार्याचा विचार याच दृष्टीने करावयाचा आहे. त्यांच्या ‘संहिते’चा वाचक कोण, हा प्रश्न या विवेचनाच्या मध्यभागी आहे.

मेक्सिकोत जन्मलेले आणि लहानपणीच शिकागोला आलेले तोर्तोलेरो ज्या वर्गांसमोर उभे राहत, त्यांतील मेक्सिकन घरांतल्या मुलांना पाठ्यपुस्तकांत स्वतःचा मागमूस आढळत नव्हता. शहरात जगद्विख्यात कलासंग्रहालय होते, निसर्गविज्ञानाचे मोठे संग्रहालय होते; परंतु त्यांच्या भव्य पायऱ्या चढून जाण्याचा रिवाज या मुलांच्या घरांत नव्हता, आणि आत गेल्यावर आपल्या माणसांविषयी फारसे काही सापडेल अशी खात्रीही नव्हती. ज्या समाजाविषयी बोलायचे तो समाज स्वतः बोलता असावा, तज्ज्ञांच्या कुतूहलाचा विषय होऊन बसू नये, ही तोर्तोलेरो यांची भूमिका होती. अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयांत निर्णय घेणाऱ्या जागांवर कोण बसते, हा प्रश्न ते पुढेही सातत्याने विचारीत राहिले. 2000 साली संग्रहालय-व्यवसायाच्या नियतकालिकातच लेख लिहून त्यांनी त्या क्षेत्रातील वंशभेदावर बोट ठेवले होते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्याच व्यवसायाला आरसा दाखविण्याचा हा प्रकार त्यांच्या शिक्षकी पिंडाशी सुसंगत होता.

पहिली पाच वर्षे संस्थेला स्वतःचे छप्पर नव्हते. शहरात जागा मिळेल तेथे कार्यक्रम व प्रदर्शने होत. 1987 साली पिल्सेन या वस्तीतील हॅरिसन पार्कमध्ये, पूर्वी नौकाबांधणीच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या उद्यान विभागाच्या एका इमारतीत संग्रहालयाने दार उघडले. 2001 साली इमारतीचा विस्तार होऊन तिचे क्षेत्रफळ सुमारे 48,000 चौरस फूट झाले. 2006 साली आजचे नाव धारण करण्यात आले. आज संग्रहात 18,000 हून अधिक कलाकृती आहेत आणि 2021 साली मॅकेन्झी स्कॉट यांनी संस्थेला 80 लाख डॉलरची देणगी दिली. 900 ते 80 लाख हा प्रवास डोळे दिपविणारा आहे खरा. परंतु संस्थेचे मर्म त्या आकड्यांत शोधू गेल्यास ते हाती लागणार नाही. ते पहिल्या दिवसापासून न बदललेल्या एका नियमात आहे. या संग्रहालयाला प्रवेशमूल्य नाही.

विनामूल्य प्रवेश ही केवळ उदारता नव्हे. ती एक वाङ्मयीन भूमिकाच आहे, असे मी म्हणेन. प्रवेशमूल्य आकारणारे संग्रहालय प्रेक्षकाला पाहुणा मानते. पाहुणा एकदा येतो, सर्व काही एका दमात पाहतो आणि परत फिरकत नाही. शाळा सुटल्यावर उद्यानातून घरी जाणारे मूल दहा मिनिटे आत येते, एकच चित्र पाहते आणि उद्या पुन्हा येते, तेव्हा ते पाहुणे राहत नाही. फलक इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत आहेत, हेही येथे ध्यानात घ्यावे. आजीला एक भाषा वाचता येते, नातवाला दुसरी, आणि चित्रासमोर उभे राहून दोघांनी एकमेकांना काय सांगायचे ते त्यांनी ठरवायचे. मुलाला मातृभाषा येत नाही म्हणून त्याला दारातच ओशाळे करायचे नाही, हा निर्णय एका अनुभवी शिक्षकाचा आहे.

आता मांडणीकडे वळू. कायम संग्रहातून रचलेल्या ‘नुएस्त्रास इस्तोरियास’ म्हणजे ‘आपल्या कथा’ या प्रदर्शनात प्राचीन मेसोअमेरिकेतील वस्तू, वसाहतकाळातील धार्मिक कला, लोककला, विसाव्या शतकातील चित्रे आणि अमेरिकेत जन्मलेल्या मेक्सिकन वंशाच्या कलावंतांची आजची निर्मिती एकाच छपराखाली येते. अस्मिता ही घडून पूर्ण झालेली वस्तू नसून सतत घडत राहणारी प्रक्रिया आहे, हे या रचनेचे सूत्र आहे. मेक्सिकन संस्कृती ‘सीमांविना’ पाहावी, हा संस्थेचा आग्रह त्यातूनच आला. त्याला इतिहासाचाही आधार आहे. 1848 च्या ग्वादालूपे इदाल्गो तहानंतर मेक्सिकोचा फार मोठा भूभाग अमेरिकेत गेला, आणि त्या प्रदेशातील कित्येक मेक्सिकन कुटुंबे आपले अंगण न सोडता परदेशी झाली. माणसे जागची हलली नव्हती, हलली होती ती सीमा. 1956 च्या राज्यपुनर्रचनेचा अनुभव ज्यांच्या घरात अजून बोलला जातो, त्या बेळगावकडील वाचकांना हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि सीमांविना म्हणजे मूळ देशाकडे पाठ फिरवून, असा अर्थ नाही. कला आणि शिक्षण यांची सांगड हा मेक्सिकोचा विसाव्या शतकातील मोठाच वारसा आहे. क्रांतीनंतर 1921 साली शिक्षणमंत्री झालेल्या होसे वास्कोन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांना दिल्या. ज्या देशात बहुसंख्य जनतेला वाचता येत नव्हते, तेथे भिंत हेच पाठ्यपुस्तक ठरले. दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंती 1923 ते 1928 या काळात रंगविल्या. त्या भिंतींवर एक मराठी चेहराही आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीच्या वाटेने देशोदेशी फिरत मेक्सिकोत पोहोचले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले, आणि शेतकऱ्यांसाठी विनामूल्य कृषिशाळा काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. रिव्हेरा यांनी अन्न वाटून घेण्याच्या प्रसंगावरील चित्रात त्यांना स्थान दिले. ही केवळ अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हे. परक्या देशातून आलेला एक शिक्षक तेथील जनतेच्या भिंतीवर ‘आपला’ म्हणून बसू शकतो, इतकी ती भिंत मोकळी होती. अशा भिंतींची परंपरा 1960 च्या दशकानंतर स्थलांतरितांबरोबर शिकागोच्या पिल्सेन वस्तीत उतरली आणि तिच्या सावलीत तोर्तोलेरो यांचे संग्रहालय उभे राहिले.

संग्रहालयाचा सर्वांत लोकप्रिय उपक्रम म्हणजे दरवर्षी शरद ऋतूत भरणारे मृतस्मरणाचे प्रदर्शन. 1987 पासून ते अखंड चालू आहे. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी दिवंगत आप्तांसाठी ‘ओफ्रेंदा’ मांडतात. त्यात छायाचित्रे असतात, खास पाव असतो, राळेचा धूप असतो, कातरलेल्या कागदांच्या पताका असतात, आणि या सर्वांवर पिवळ्याकेशरी झेंडूची आरास असते. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा, समुद्रमार्गाने आपल्याकडे आलेला, हे येथे सहज आठवते. संग्रहालयात या मांडण्या नामवंत कलावंत करतात तशी वस्तीतील कुटुंबेही करतात. 2020 साली करोनाच्या साथीत गेलेल्यांचे स्मरण या प्रदर्शनाने केले. घरातील एका कोनाड्यातला विधी संग्रहालयाच्या दालनात आणल्यास त्याचे प्रदर्शनीय वस्तूत रूपांतर होण्याचा धोका असतो. तो धोका येथे पूर्णपणे टळला आहे असे नाही. परंतु ज्याचे माणूस गेले आहे त्यानेच मांडणी करावी, या नियमामुळे विधीचा धागा तुटत नाही.

येथवरचे वर्णन वाचून एखाद्याला वाटेल की हे एका समाजाच्या आत्मगौरवाचे मंदिर आहे. तसे ते असते तर या लेखाचे प्रयोजन उरले नसते. माझ्या मते संस्थेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे 2006 सालचे ‘मेक्सिकोतील आफ्रिकी अस्तित्व: यांगापासून आजपर्यंत’ हे प्रदर्शन. मेक्सिकन माणूस म्हणजे मूलनिवासी आणि स्पॅनिश रक्ताचा संगम, ही तेथील राष्ट्रीय कथा. या कथेतून तिसरे मूळ जवळजवळ पुसले गेले होते. स्पॅनिश राजवटीत सुमारे 2 लाख आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून मेक्सिकोत आणले गेले असा अंदाज आहे. त्यांपैकी यांगा नावाच्या पुढाऱ्याने वेराक्रूझच्या डोंगराळ भागात पळून आलेल्या गुलामांची वसाहत उभी केली, दीर्घ काळ सत्तेशी झुंज दिली, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी आपल्या लोकांसाठी स्वतंत्र गाव मिळविले. ते गाव आज त्याच्या नावाने ओळखले जाते. 1829 साली गुलामगिरी रद्द करणारे राष्ट्राध्यक्ष विसेंते गेरेरो हेही आफ्रिकी वंशाचा वारसा असलेले होते. तरीही घरोघरी या पूर्वजाचे नाव निघत नसे.

हे प्रदर्शन ज्या वेळी झाले ती वेळही विसरता येत नाही. आदल्याच वर्षी, 2005 साली, मेक्सिकोचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष विसेंते फॉक्स यांच्या कृष्णवर्णीय अमेरिकनांविषयीच्या अनुदार उद्गारांवरून मोठे वादळ उठले होते, आणि मेमिन पिंग्विन या कृष्णवर्णीय मुलाच्या विडंबनात्मक चित्राची टपाल तिकिटे मेक्सिको सरकारने काढल्याने त्यात भर पडली होती. शिकागोत कृष्णवर्णीय व मेक्सिकन वस्त्या एकमेकींना लागून आहेत, आणि शेजाऱ्यांमधील संशय दोन्हीकडे होता. अशा वेळी ‘आम्ही तसे नाही’ असा खुलासा करणे सोपे होते. संग्रहालयाने आपल्याच प्रेक्षकाला सांगितले की ज्याला तू परका समजतोस तो तुझ्या घरातला आहे. गौरवासाठी आलेल्या माणसाच्या हाती त्याने स्वतःच लपविलेल्या आजोबांचे चित्र देणे, हे काम धाडसाचे होते. पुढे 2019 साली मेक्सिकोच्या राज्यघटनेने आफ्रो-मेक्सिकन समाजाला मान्यता दिली, आणि 2020 च्या जनगणनेत सुमारे 25 लाख लोकांनी आपली ती ओळख नोंदविली. ही मान्यता त्या समाजाच्या दीर्घ लढ्याचे फळ आहे. पण एका परप्रांतीय संग्रहालयाने आपल्या लोकांपुढे हा विषय त्याच्या कितीतरी आधी उघडपणे मांडला होता, याची नोंद झाली पाहिजे.

गुणदोषांच्या चर्चेत दोषांची बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. पहिला आक्षेप नावाविषयी आहे. ‘राष्ट्रीय’ हे बिरुद धारण केल्यावर जबाबदारी देशभराच्या समाजाची होते, आणि वस्तीच्या संस्थेचा जिव्हाळा व राष्ट्रीय संस्थेचा दबदबा हे नेहमी एकत्र नांदत नाहीत. याचे बोचरे उदाहरण म्हणजे ‘रादियो आर्ते’. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून संग्रहालयाने हे छोटे द्विभाषिक आकाशवाणी केंद्र तरुणांच्या हाती दिले होते. आर्थिक ताणामुळे 2012 च्या सुमारास ते विकले गेले. चित्रे जपण्याचा खर्च आणि मुलांचा आवाज जपण्याचा खर्च यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा संस्थेने चित्रांची बाजू घेतली. हिशेब बरोबर असेलही. पण ‘विद्यार्थी आधी’ या मूळ क्रमाला त्या दिवशी बाध आला. तरुणांसाठीचा ‘योयोकाली’ हा कला उपक्रम पुढेही चालू राहिला, हे मात्र नमूद केले पाहिजे.

दुसरा आक्षेप संस्थेच्या हाताबाहेरील गोष्टीविषयी आहे, आणि तो अधिक वेदनादायक आहे. पिल्सेन हे नाव बोहेमियातून आलेल्या चेक स्थलांतरितांनी आपल्या मायदेशातील शहरावरून ठेवलेले. 1960 च्या दशकात विद्यापीठाच्या बांधकामासाठी जवळची वस्ती उठली, तेव्हा तेथील पुष्कळ मेक्सिकन कुटुंबे पिल्सेनमध्ये आली आणि वस्तीचा तोंडवळा बदलला. आता पुन्हा तो बदलत आहे. 2000 नंतरच्या दशकांत भाडी व कर वाढत जाऊन हजारो लॅटिनो रहिवासी वस्ती सोडून गेले. भित्तिचित्रे, उपाहारगृहे आणि संग्रहालय यांनीच वस्तीला जे आकर्षण दिले, त्याच्यापोटी जागांचे मोल चढले, असा आरोप होतो, आणि तो अगदीच निराधार नाही. 2017 साली ‘कासा अस्तलान’ या जुन्या समाजकेंद्राच्या इमारतीवरील भित्तिचित्रे नव्या मालकीत एकरंगी रंगाखाली गेली. लोकांच्या संतापानंतर मूळ चित्रकार रे पात्लान यांना नवे चित्र काढण्यासाठी बोलाविण्यात आले. परंतु ज्यांच्यासाठी पहिले चित्र होते ती कुटुंबे काही परत आली नाहीत. आजूबाजूचा समाज निघून गेल्यावर संग्रहालय कोणाशी बोलणार? विनामूल्य दार उघडे आहे, पण शाळेतून घरी जाणारे ते मूल आता दुसऱ्याच उपनगरात राहते. या प्रश्नाचे उत्तर तोर्तोलेरो यांच्या हयातभराच्या कामातही पूर्णपणे सापडत नाही.

तिसरा आक्षेप व्यक्तिकेंद्रितपणाचा. 1982 पासून 2023 च्या अखेरीस निवृत्त होईपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, संस्थेची धुरा एकाच व्यक्तीच्या खांद्यावर होती. संस्थापकाचा उत्साह हा जसा आधार असतो तसाच तो दुसऱ्यांच्या वाढीवर पडणारी सावलीही ठरू शकतो. मात्र वेळीच बाजूला होऊन त्यांनी उत्तराधिकाऱ्याला जागा करून दिली, आणि त्यांच्यानंतर होसे ओचोआ यांची निवड झाली, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. आपल्याकडील कित्येक मंडळांत हा योग अध्यक्षांच्या निधनानंतरच येतो.

आणि आता आपल्याविषयी. मेक्सिकन माणूस शिकागोला आला तो लोहमार्गावर, पोलाद कारखान्यात आणि मांसाच्या गोदामांत मजुरी करण्यासाठी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज आले ते राज्यकर्त्यांच्या लवाजम्यात, दप्तर सांभाळण्यासाठी किंवा तलवार घेऊन. हा फरक दृष्टीआड करून तोर्तोलेरो यांचे अनुकरण करू गेल्यास आपली फसगत होईल. त्यांच्या मुलांना अभिमान शिकविण्याची गरज होती, कारण शहराने त्यांना तो नाकारला होता. आपल्या संस्थांच्या भिंतींवर होळकर, शिंदे आणि गायकवाड यांच्या तसबिरी आधीपासून आहेत. आपल्याला गरज आहे ती त्यांच्या 2006 सालच्या धड्याची. त्या स्वाऱ्यांबरोबर आलेले पाणके, शागिर्द, मोतद्दार, त्यांच्या बायकामुले आज कोठे आहेत? आपल्या वार्षिक स्मरणिकांत त्यांची नावे किती? आपल्या घरांतील मराठीत शिरलेली माळवी, गुजराती, तेलुगू किंवा कोकणी आपण अशुद्धी म्हणून पुसली, की आपल्याच कथेचा एक प्रवाह म्हणून जपली?

आपली नातवंडे मराठी वाचत नाहीत, ही तक्रार प्रत्येक वार्षिक सभेत होते आणि टाळ्याही घेते. तोर्तोलेरो यांनी ही तक्रार केल्याचे दिसत नाही. त्यांनी फलक दोन भाषांत लावले आणि दार उघडे ठेवले. त्याने सर्व प्रश्न सुटले नाहीत, ते वर पाहिलेच. परंतु पुढच्या सभेत ठराव मांडताना आपल्या वाचनालयाच्या दारावरची पाटी आणि आत येण्याची वर्गणी या दोन गोष्टींकडे कार्यकारिणीने एकदा पाहावे. तसेच एखाद्या शनिवारी दुपारी, शाळा सुटण्याच्या वेळेला, वाचनालयाचे कुलूप उघडे असते का, याचीही चौकशी करावी.